शेअरबाजारांतील नोकरी सुटते तेव्हां

शेअरबाजाराचें नांव काढलें कीं आमच्यासारख्या घरांतून अजूनहि दोन प्रकारचे चेहरे दिसतात. वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते आणि तरुणांच्या डोळ्यांत चमक येते. हा सगळाच जुगार नव्हे हें पहिल्यांना पटविणें जितकें कठीण, तितकेंच ही नोकरी कायमची नव्हे हें दुसऱ्यांना पटविणें कठीण. आज जें लिहावयास बसलों आहें तें या दोघांसाठींहि आहे. पेढीच्या भांडवलावर पेढीसाठीं सौदे करणारा जो पगारी माणूस, ज्याला बाजारांत ‘ट्रेडर’ म्हणतात, त्याची नोकरी सुटली तर त्यानें काय करावें आणि त्याच्या घरानें काय करावें, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय ऐकीव नाहीं. आमच्याच घरांत तो दोनदां येऊन गेला.

आमचें घर विलेपार्ल्याचें. एका छपराखालीं तीन पिढ्या आणि ११ माणसें. थोरल्या बंधूंचा मुलगा इंजिनियर होऊन ४ वर्षें लोअर परळच्या एका पेढींत ट्रेडर होता. पगार असा कीं, त्याच्या वडिलांनीं बँकेंत जन्मभर नोकरी करून निवृत्तीच्या वर्षीं जो पाहिला तो यानें दुसऱ्याच वर्षीं पाहिला. घरांत कौतुक होतें आणि थोडी धास्तीहि होती.

२०२४ सालचा २५ डिसेंबर. नाताळनिमित्त बाजार बंद. हें घरांत मला एकट्यालाच ठाऊक. कारण बाजाराच्या सुट्यांचें पंचांग माझ्या डोक्यांत गेल्या ४६ वर्षांचें आहे. पुतण्या नेहमींप्रमाणें साडेसातला आजीला नमस्कार करून, डबा घेऊन बाहेर पडला आणि संध्याकाळीं साडेसहाला परत आला. रात्रीं जेवणें झाल्यावर मीं त्याला गच्चीवर बोलावलें आणि विचारलें, “आज बाजार बंद होता ना रे?”

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “काका, मला काढून तीन आठवडे झाले.”

तीन आठवडे तो रोज डबा घेऊन दादरच्या एका ग्रंथालयांत जाऊन बसत होता आणि दुपारीं शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जेवत होता. सूनबाईलाहि ठाऊक नव्हतें. एवढ्यावरच भागतें तर बरें होतें. पण निरोपाच्या वेळीं पेढीनें हातीं दिलेल्या साडेचार लाखांपैकीं १ लाख ७० हजार त्यानें मोबाईलवर स्वतःच्या खात्यांतून सौदे करून घालविले होते. “गेलेले परत मिळवून मग घरीं सांगणार होतों,” तो म्हणाला.

तें वाक्य ऐकून मी दचकलों. कारण अगदीं तेंच वाक्य मीं १९९५ सालीं स्वतःशीं म्हटलें होतें.

माझी गोष्ट

मी १९७८ सालीं एका दलालाच्या पेढींत लागलों आणि पुढें दलाल स्ट्रीटवरील बाजाराच्या रिंगणांत जॉबर झालों. तेव्हां सौदे तोंडानें होत. शेंकडों माणसांच्या गलबल्यांत आपल्या शेअराचा भाव कानांनीं टिपावयाचा, बोटांच्या खुणांनीं देणें-घेणें ठरवावयाचें, आणि खिशांतल्या वहींत पेन्सिलीनें टिपून ठेवावयाचें, हें आमचें काम. माझा आवाज खणखणीत होता, स्मरण पक्कें होतें, आणि या दोहोंवर माझें आयुष्य निघेल अशी माझी खात्री होती.

१९९४ च्या नोव्हेंबरांत राष्ट्रीय शेअरबाजारानें संगणकाच्या पडद्यावर शेअरांचे सौदे सुरू केले. १९९५ च्या मार्चमध्यें मुंबई शेअरबाजारहि ‘बोल्ट’ नांवाच्या पडद्यावर गेला आणि रिंगण ओस पडलें. १८७५ पासून चालत आलेल्या संस्थेंतील आरडाओरड कांहीं आठवड्यांत थांबली. माझ्या मालकानें मला दोन महिन्यांचा पगार आणि नारळ दिला. त्यांत त्याचा दोष होता असें आज मला वाटत नाहीं. पडद्याला खणखणीत आवाजाची गरज नव्हती.

मी घरीं महिनाभर सांगितलें नाहीं. हातांत आलेल्या ४० हजारांतून शेअर घेऊं-विकूं लागलों. १७ वर्षें रिंगणांत काढलेल्या माणसाला बाजार कळत नाहीं असें कोण म्हणेल? पण चार महिन्यांत त्या ४० हजारांचे ११ हजार झाले. तेव्हां पत्नीनें स्वतः होऊन वही मागितली, हिशेब पाहिला, आणि एकच प्रश्न विचारला, “हे सौदे तुम्ही पेढींत असतांना असेच केले असते का?”

केले नसते. पेढींत असतां मालक अमुक तोट्यापलीकडे थांबूंच देत नसे. पेढींत भांडवल मोठें होतें, म्हणून एका सौद्यानें कोणी बुडत नसे. शेजारीं उभा असलेला जॉबर मला भाव सांगत असे, कारण माझ्या मालकाची पत होती. मीं ज्याला माझें कौशल्य समजत होतों, त्यांतील निम्में त्या जागेचें होतें.

खुर्चीचें किती, आपलें किती?

या धंद्यांतील माणसाची नोकरी सुटली कीं त्यानें पहिल्यानें सोडवावयाचें गणित हेंच. त्यानें मिळविलेल्या नफ्यांत पेढीचें भांडवल असतें, वेगवान यंत्रें असतात, सौद्यांचा खर्च घाऊक दरानें पडत असतो, आणि तोटा ठरावीक रेषेपलीकडे गेला कीं हात धरणारा जोखीम-अधिकारी असतो. खुर्ची सोडतांना हें सारें तेथेंच राहतें. माणसाबरोबर येते ती शिस्त, गणित, बाजाराच्या स्वभावाची ओळख, आणि आपण कोठें चुकतों याची जाणीव.

आजच्या काळांत खुर्चीचा वांटा पूर्वींपेक्षां फार वाढला आहे. सेबीनें सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, एप्रिल २०२१ ते मार्च २०२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन यांचे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकीं १०० तील ९३ जणांना तोटा झाला, आणि त्यांचा एकंदर तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक होता. त्याच पाहणींत असेंहि आढळलें कीं, २०२३-२४ या एका वर्षांत स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या पेढ्यांनीं खर्च वजा जातां नव्हे, पण ढोबळ मानानें ३३ हजार कोटी मिळविले, आणि त्यांतील ९६ टक्के नफा संगणकाच्या आज्ञावलीनें चालणाऱ्या सौद्यांतून आला. जो तरुण काल या दुसऱ्या बाजूस बसला होता, तो नोकरी सुटतांच मोबाईल हातांत घेऊन पहिल्या बाजूस जाऊन बसतो, आणि आपण तेच आहों असें समजतो. माझ्या पुतण्याचे १ लाख ७० हजार गेले ते या गैरसमजापायीं.

म्हणून माझें पहिलें आणि सर्वांत आग्रहाचें सांगणें असें कीं, नवी नोकरी लागेपर्यंत सौदे बंद. निरोपाचा पैसा हा घराचा शिधा आहे. तें भांडवल नव्हे.

नोकरी कां जाते?

घरच्या मंडळींनीं हेंहि समजून घ्यावें कीं, या धंद्यांत नोकरी जाणें म्हणजे नालायक ठरणें नव्हे. कारणें बहुधा माणसाच्या बाहेरचीं असतात. १ ऑक्टोबर २०२४ रोजीं सेबीनें नियम काढून प्रत्येक बाजारास एकाच निर्देशांकावर आठवडी करार ठेवण्याची मुभा दिली, आणि त्या नोव्हेंबरांत बँक निफ्टीचे आठवडी करार बंद झाले. नियम सामान्य माणसाच्या हिताचा होता. पण ज्या टेबलाचें सारें काम त्या करारांवर चालत होतें तें टेबलच उठलें. आमचा पुतण्या त्या टेबलावरचा.

१५ सप्टेंबर २००८ रोजीं न्यूयॉर्कच्या लेहमन ब्रदर्सनें दिवाळें काढलें, तेव्हां पवईच्या त्यांच्या कचेरींतील आपल्या मुलांनीं काय चूक केली होती? ती कचेरी पुढें नोमुरा या जपानी कंपनीनें घेतली, एवढें तरी बरें झालें. त्या वर्षीं जानेवारींत २१ हजारांवर असलेला आपला सेन्सेक्स ऑक्टोबरांत ८ हजारांच्या खालीं उतरला, आणि दलालांच्या कचेऱ्यांतून टेबलें रिकामीं झालीं. गोल्डमन सॅक्सच्या न्यूयॉर्क येथील मुख्य कचेरींत २००० सालीं शेअरांचे सौदे करणारे ६०० लोक होते. २०१७ सालीं दोन उरले, बाकीचें काम यंत्रांकडे गेलें. ५९८ माणसें एकदम मूर्ख झालीं असें कोणी म्हणणार नाहीं.

याच्या उलट एक गोड गोष्टहि सांगितली जाते. सालोमन ब्रदर्स या पेढींत शेअर-सौद्यांचे प्रमुख राहिलेले मायकेल ब्लूमबर्ग यांना १९८१ सालीं पेढीची मालकी बदलतांच काढण्यांत आलें, आणि त्यांनीं स्वतःची कंपनी काढून जग जिंकलें. गोष्ट खरी आहे. पण ते बाहेर पडले तेव्हां भागीदार या नात्यानें सुमारें १ कोट डॉलर त्यांच्या हातीं होते, हें सांगणारा बहुधा विसरतो. ज्याच्या हातीं साडेचार लाख आहेत आणि डोक्यावर घराचें कर्ज आहे, त्याला ही गोष्ट धीर देण्यापेक्षां घाई करावयास लावते. शिकण्याजोगें त्यांत एक आहे: ब्लूमबर्ग यांना काढण्यापूर्वीं दोन वर्षें सौद्यांवरून हलवून संगणक-विभागांत बसविलें होतें, आणि पुढें कामास आलें तें तेथेंच शिकलेलें. कमीपणाची वाटलेली जागा पुष्कळदां पुढचा रस्ता असते. मलाहि असेंच झालें. १९९६ सालीं शेअरांचे कागद जाऊन डिमॅट खातीं सुरू झालीं; त्याचें किचकट कारकुनी काम करावयास माझ्या वयाचें कोणी तयार नव्हतें. मी तें शिकलों, आणि त्यावर दुसऱ्या पेढींत आणखी २० वर्षें काढलीं.

पैशांची मोजदाद

नोकरी सुटल्याच्या पहिल्या आठवड्यांत एक वही घ्यावी आणि घरांतील दोन जाणत्या माणसांसमोर ती लिहावी. सूचनेच्या काळाचा पगार किती मिळणार. शिल्लक रजेचे पैसे किती. कबूल केलेला बोनस कोणत्या तारखेस देय होता, आणि त्यापूर्वीं बाहेर पडल्यानें तो बुडाला कीं काय. कायम नोकरींत साधारणतः पांच वर्षें पुरीं झालीं असतील तर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. तो मागावयास संकोच नको. प्रॉव्हिडंट फंडाचें खातें नव्या नोकरींत वर्ग करून घ्यावें. तो पैसा खर्चास काढण्याची घाई करूं नये.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. आजारपणाचा विमा पेढीनें काढलेला असेल तर नोकरीबरोबर तोहि बहुधा संपतो. घरांत म्हातारीं माणसें असतां विमा नसलेला एक महिनाहि महाग पडूं शकतो. म्हणून चांगले दिवस असतांनाच घराचा स्वतंत्र विमा असावा. या धंद्यांतील माणसानें तर अवश्य.

मग महिन्याचा खर्च मांडावा आणि किती महिने निघतील तें पहावें. बँकेंतील वा सरकारी नोकराला तीन महिन्यांची पुंजी पुरत असेल. ट्रेडरानें वर्षभराची बाजूला ठेवावी, असें मला अनुभवानें वाटतें. याचें कारण असें कीं, एका पेढीची माणसें निघतात तेव्हां बहुधा सर्वच पेढ्यांचे दरवाजे मिटलेले असतात. जे कारण एकाला लागतें तेंच सर्वांना लागतें. चांगल्या वर्षींचा मोठा बोनस हा त्या वाईट वर्षाचा आगाऊ पगार आहे असें समजावें. पगारावर घर चालावें. बोनसावर मोटारीचे हप्ते बसवूं नयेत.

नवी पेढी शोधतांना

दुसऱ्या पेढीचा माणूस तुम्ही किती मिळविलेंत हें विचारतोच. पण जाणता असेल तर त्याहून बारकाईनें विचारतो कीं, तुमचा सर्वांत मोठा तोटा केव्हां झाला आणि त्या दिवशीं तुम्ही काय केलें. याचें उत्तर खरें द्यावें. तोटा झालाच नाहीं म्हणणाऱ्यावर या धंद्यांत कोणी विश्वास ठेवीत नाहीं. टेबल उठलें असेल तर टेबल उठलें असेंच सांगावें. “मीच सोडली” असें सांगूं नये. बाजार लहान आहे, आणि एक दूरध्वनि केला कीं खरें कळतें.

वायद्यांचे सौदे करण्यास लागणारें एन.आय.एस.एम. चें प्रमाणपत्र तीन वर्षेंच चालतें. तें संपत आलें असेल तर रिकाम्या वेळांत परीक्षा देऊन टाकावी. सौद्यांखेरीज जोखीम-नियंत्रण, नियमपालन, हिशेब-जुळवणी, संगणकाची आज्ञावली लिहिणें, हींहि याच धंद्याचीं दालनें आहेत. त्यांतील एखाद्यांत शिरणें हें खालीं उतरणें नव्हे.

जुन्या पेढींतून निघतांना मात्र हात स्वच्छ असावेत. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमामुळें, नोकरी सुटल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊं नये असें बंधन आपल्या न्यायालयांत सहसा टिकत नाहीं. परंतु गुप्ततेचें बंधन टिकतें. आज्ञावली, आंकडेवारी, गिऱ्हाइकांच्या याद्या ही पेढीची मालमत्ता. २०२४ च्या एप्रिलमध्यें अमेरिकेंत जेन स्ट्रीट या पेढीनें, आपले दोन ट्रेडर गुप्त पद्धति घेऊन मिलेनियम या पेढींत गेले असा आरोप करून फिर्याद केली. ती पद्धति भारतांतील ऑप्शनच्या सौद्यांची होती, हें सुनावणींत उघड झालें आणि साऱ्या जगाचें लक्ष आपल्या बाजाराकडे वळलें. आरोप प्रतिपक्षानें नाकारला, आणि त्या डिसेंबरांत प्रकरण तडजोडीनें मिटलें. पण डोक्यांतलें कोणाचें आणि कागदावरचें कोणाचें हा वाद किती महाग पडतो, तें त्यावरून दिसलें. कागद न्यावयाचाच नाहीं, हा नियम सर्वांत स्वस्त.

नवी पेढी पगार सांगेल तेव्हां चार गोष्टी लेखी विचाराव्यात: नफ्यांतील वांटा कशावर मोजणार, एका वर्षाचा तोटा पुढच्या वर्षाच्या नफ्यांतून वळता करणार काय, बोनस केव्हां हातांत पडणार, आणि सोडतांना किती दिवस घरीं बसावें लागणार व त्या दिवसांचा पगार मिळणार काय.

घरच्या माणसांनीं

आतां वडीलधाऱ्यांना दोन शब्द. “आम्ही आधींच सांगत होतों” हें वाक्य कितीहि खरें असलें तरी गिळून टाकावें. मुलगा घरांत सांगत नाहीं तो बहुधा याच वाक्याच्या भीतीनें. आणि न सांगितलेले तीन आठवडे किती महाग पडतात तें आम्हीं पाहिलें. आल्यागेल्याजवळ चर्चा नको. लग्नकार्यांत कोणी विचारलें तर “नवीन जागा पाहतो आहे” एवढें पुरे. एकत्र कुटुंबाचा उपयोग अशा वेळींच असतो: त्याच्या वांट्याचा खर्च कांहीं महिने इतरांनीं उचलावा, आणि उपकार म्हणून त्याची आठवण पुन्हा काढूं नये. पत्नीचे दागिने गहाण टाकून बाजारांत परत उतरण्याची भाषा कोणी काढील, तर ती मात्र तेथेंच थांबवावी.

त्या रात्रीं मी पुतण्याला घेऊन खालीं आलों. त्यानें आधीं सूनबाईला, मग आईवडिलांना सांगितलें. थोरले बंधू बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “उद्यां डबा नको. घरीं जेव.” त्यांनीं त्यापुढें कधींहि विषय काढला नाहीं. मोबाईलवरील सौद्यांचें खातें पुतण्यानें दुसऱ्याच दिवशीं माझ्यासमोर बंद केलें. उरलेले २ लाख ८० हजार सूनबाईच्या नांवें ठेवींत गेले.

सहा महिने जागा मिळाली नाहीं. ते दिवस सोपे नव्हते. दोन ठिकाणीं अगदीं शेवटच्या पायरीवरून नकार आला, आणि त्या आठवड्यांत तो कोणाशींहि बोलत नसे. २०२५ च्या जूनमध्यें तो दुसऱ्या एका पेढींत जोखीम-नियंत्रणाच्या कामावर रुजू झाला. पगार पूर्वींच्या पाऊणपट. आतां इतरांचा तोटा रेषेपलीकडे गेला कीं त्यांचा हात धरण्याचें काम त्याच्याकडे आहे. तें तो चांगलें करतो असें ऐकतों. रेषेपलीकडे काय असतें तें त्यानें स्वतःच्या पैशानें पाहिलें आहे.

२०२५ च्या नाताळला तो सकाळीं उशिरां उठला. आजीनें विचारलें, “आज कचेरी नाहीं का रे?”

“आज बाजार बंद आहे, आजी,” तो म्हणाला, आणि चहा घेऊन तिच्याजवळ येऊन बसला.